श्रम आणि शील : विद्यार्थ्याची खरी शिदोरी

(करंजा येथे ज्ञातीच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही. दहावीच्या नव्या शालान्त परीक्षेची पहिली तुकडी 1975 साली बाहेर पडली, तीत मी उत्तीर्ण झालो. त्यापुढे शिकलो ते केवळ अध्यापक विद्यालयात. नोकरीस लागलो तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. 1981 साली ते रायगड झाले. 39 वर्षे खाडीकाठच्या निरनिराळ्या शाळांतून मुले शिकवून 2017 साली मी निवृत्त झालो. पदवीधरांसमोर उभे राहण्याचा माझा अधिकार एवढाच, की मुले कशाने पुढे जातात आणि कशाने मागे पडतात, हे मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिले आहे.

परिश्रम करा आणि चारित्र्य जपा, हा उपदेश अशा समारंभातून दरवर्षी होतो. मुले माना खाली घालून तो ऐकतात, टाळ्या वाजवितात आणि पेढा घेऊन घरी जातात. उपदेश खोटा नाही. परंतु श्रम म्हणजे नेमके काय आणि शील म्हणजे नेमके काय, हे आपण त्यांना उलगडून सांगत नाही. म्हणून आज उपदेश बाजूस ठेवून काही माणसांच्या हकीकती सांगण्याचे मी योजिले आहे. त्यांत दोन थोर पुरुष आहेत, एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, आणि माझी स्वतःची एक चूकही आहे.

पहिली हकीकत कोकणातीलच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा होता. त्याचा जन्म 1858 सालचा. 1875 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सरकारी परीक्षेला बसण्यासाठी तो आपल्या सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यात मुरूडहून साताऱ्यास पायी निघाला. शंभर मैलांहून अधिक वाट. मध्ये सह्याद्रीचा घाट. ती वाट चार दिवसांत तुडवून ही मुले साताऱ्यास पोहोचली. तेथे परीक्षामंडळाच्या प्रमुखांनी या मुलाकडे पाहिले आणि, तू वयाने लहान दिसतोस, असे म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरेसे होते, पण देहयष्टी किरकोळ होती. मुलगा आला तसा परत गेला.

बालमित्रांनो, येथे आपल्यापैकी पुष्कळांनी पुस्तके गुंडाळून ठेविली असती, आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता. या मुलाने पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. मॅट्रिक होण्यास त्याला 1881 साल उजाडले; तेव्हा त्याचे वय 23 होते. मुंबईस शिकवण्या करून त्याने आपले शिक्षण चालविले आणि 1884 साली तो पदवीधर झाला. हेच पुढे महर्षी कर्वे. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी 1896 साली आश्रम स्थापिला, 1916 साली महिला विद्यापीठ उभे केले, आणि 1958 साली, आयुष्याची शंभर वर्षे पुरी होताना, भारतरत्न हा किताब त्यांना मिळाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या या माणसाचे नाव आजच्या आपल्या गुणवंतांच्या यादीत आले असते काय, याचा विचार आपण मनात ठेवावा. त्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसरे थोर पुरुष आपल्या जिल्ह्याचे. महाडजवळील नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकच्या परीक्षेत विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. 1918 साली इंग्लंडात झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही ते पहिले आले. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1952 साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, आणि देशाचे अर्थमंत्रिपद त्यांच्याकडे होते. पण मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य झाला नाही, तेव्हा 1956 साली त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. परीक्षेत पहिले येणे हे श्रमाचे आणि बुद्धीचे फळ होय; मनाला न पटणाऱ्या गोष्टीपुढे मोठे पद सोडून देणे हे शीलाचे फळ होय. पहिल्या गुणाने माणूस खुर्चीवर बसतो. ती खुर्ची केव्हा सोडावी, हे त्याला दुसरा गुण सांगतो.

आता कोणी म्हणतील, गुरुजी, चिंतामणरावांचे वडील वकील होते. घरात पुस्तके होती, दिवा होता, बसण्यास जागा होती. आमच्या घरी यातले काय आहे? हा प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. होडी धक्क्याला लागल्यावर मासळी उतरविणारा, जाळ्यातला कचरा काढणारा, पहाटे आईची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराच्या वाटेला लागणारा मुलगा आळशी कसा? आपल्या कोळीवाड्यांत श्रमाची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती त्या श्रमातला एक तास अभ्यासाकडे वळविण्याची, आणि तो तास रोज पाळण्याची. हे मला शिकविले ते एका मुलाने. तीच माझी चूक होय.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी खाडीकाठच्या एका शाळेत सातवीला शिकवीत होतो. तेथला एक मुलगा वडिलांबरोबर होडीवर जाई. मासेमारीच्या गावातील शाळेचा पट कसा हलतो, हे तुम्ही जाणताच. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, म्हणून वर्ग भरलेला असतो. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात लोटल्या, की मागचे बाक रिकामे होऊ लागतात. हा मुलगा आठवड्यातून दोन-तीन दिवस येई. वार्षिक परीक्षेत गणितात त्याला 24 गुण मिळाले. अपूर्णांकाचे एकही उदाहरण त्याला सुटले नव्हते. त्याच्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. मला दया आली, आणि 24 चे मी 35 केले.

त्या वेळी आपण एक सत्कृत्य केले असे मला वाटले. मुलगा आठवीला गेला. तेथे बीजगणित आले. ज्याला पाव आणि पाऊण यांचा हिशेब कळत नाही त्याला बीजगणित कसे कळावे? तो वर्गात गप्प बसू लागला, मग दुसऱ्याच्या वहीतून उतरवू लागला. नववीच्या परीक्षेत त्याच्या खिशात चिठ्ठी सापडली, आणि शरमेने त्याने शाळा सोडली ती कायमची. पहिली चिठ्ठी त्याच्या खिशात मी घातली होती. ती 11 गुणांची होती, एवढेच.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी तो मला भेटला. तो तांडेल झाला होता. आपल्या मुलीला घेऊन माझ्या शाळेत आला आणि नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, हिचे नाव घालायचे आहे. एकच विनंती. हिला गुण वाढवून देऊ नका. हिला शिकवा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. माझ्याने काही बोलवेना. विषय बदलावा म्हणून मी विचारले, आज भरती किती वाजता? त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनच्या सुमारास."

सज्जनहो, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना हा हिशेब ठाऊक आहे. तिथीला पाऊणने गुणिले की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते, म्हणून ही पाऊणकी लागू पडते. अपूर्णांकाचा गुणाकार तो हाच. जो मुलगा माझ्या कागदावर अपूर्णांकात नापास झाला होता, त्याच्या तोंडी आज्याने शिकविलेली पाऊणकी होती. मी त्याच्या घराकडे, त्याच्या खाडीकडे वळून पाहिले असते, तर आठ दिवसांत त्याला अपूर्णांक शिकविता आले असते. ते श्रम मी टाळले आणि त्यांच्या जागी गुण दिले. विद्यार्थ्याच्या श्रमाविषयी बोलताना शिक्षकाच्या आणि पालकाच्या श्रमाचाही हिशेब मांडावा लागतो, हे त्या दिवशी मला उमगले.

त्या दिवसापासून मी माझी रीत बदलली. पहाटे पाच वाजता उठा आणि अभ्यास करा, असे मी आपल्या मुलांना सांगेनासा झालो. कारण ज्या घराचे घड्याळ भरतीवर चालते, तेथे पाच वाजता मुलगा कधी अंथरुणात असतो तर कधी धक्क्यावर. मी त्यांना एक लहान वही करावयास सांगितली. तीत रोज तारीख लिहावी, तिथी लिहावी, भरतीची वेळ पाऊणकीने काढून लिहावी, आणि त्या दिवशी अभ्यासाचा एक तास कोणता, हे स्वतः ठरवून लिहावे. रात्री, काय वाचले ते एका ओळीत नोंदवावे. ही वही मी तपासणार नाही, असेही सांगितले. महिन्यातून एकदा, ज्याला दाखवावीशी वाटेल त्याने दाखवावी.

पुष्कळ मुलांनी महिन्याच्या शेवटी एका बैठकीत सारी वही भरली. शाईचा एकच रंग आणि एकच वळण पाहून ते सहज कळे. मी काही बोललो नाही. पण एका मुलीच्या वहीत मला असे वाक्य दिसले : "आज अभ्यास झाला नाही. वलांडीवर बोंबील घातले. मग झोप आली." तिच्या वहीत असे दिवस बरेच होते. तिची आई बाजारात बसे, आणि धाकट्या भावंडांचे सारे तिच्याकडे असे. तपासणी नाही, शिक्षा नाही, खोटे लिहिले तरी विचारणारे कोणी नाही. अशा वेळी तिने खरे लिहिले होते. चारित्र्य या मोठ्या शब्दाचा अर्थ मला त्या तीन लहान वाक्यांत सापडला. आणि पुढील महिन्यांत ते रिकामे दिवस हळूहळू कमी होत गेले, हेही मी पाहिले. आपण काय केले नाही हे ज्याला स्वतःशी कबूल करता येते, त्यालाच उद्या ते करता येते. शील आणि श्रम यांचे नाते हे असे आहे. खोट्या वहीतून खरा अभ्यास निघत नाही.

ही मुलगी पुढे दहावीला इंग्रजीत नापास झाली. तिच्या बरोबरीच्या काही मुलांनी कॉपी करून तो पेपर सोडविला होता, असे तिनेच मला सांगितले. पण कोणाचे नाव घेतले नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येत राहिली. त्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, आणि परिचारिकेचे शिक्षण घेऊन एका रुग्णालयात नोकरीस लागली. रात्रपाळीला रोग्याच्या कागदावर कोणते औषध दिले आणि कोणते द्यावयाचे राहिले, हे तिला लिहावे लागते. रात्री दोन वाजता ती नोंद खरी आहे की खोटी, हे पाहण्यास तेथे कोण असते? त्या नोंदीवर माणसाचा जीव अवलंबून असतो. बोंबील आणि झोप यांची नोंद जिने खरी केली, तिच्या हातची ही नोंदही खरीच असणार, असा मला भरवसा आहे.

बंधुभगिनींनो, आता मी ज्ञातीच्या कार्याकडे वळतो. माझे बोलणे कोणास कठोर वाटल्यास वयाकडे पाहून क्षमा करावी.

ज्या वर्षी ती मुलगी ऑक्टोबरमध्ये उत्तीर्ण झाली, त्या वर्षीच्या गुणवंतांच्या यादीत तिचे नाव नव्हते. नियम असा, की पहिल्या प्रयत्नात ठराविक टक्के गुण मिळविणाऱ्यांचाच सत्कार व्हावा. तो नियम आजही तसाच आहे. ज्यांचा आज सत्कार झाला त्यांचे यश मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. त्यांच्या पाठीवर माझा हात आहे. परंतु आपण केवळ टक्के मोजू लागलो, तर मुले टक्केच मिळवू लागतील, मग ते कोणत्याही मार्गाने का होईना. ज्याचा आपण सत्कार करतो, तेच समाजात पिकते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. ते स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि स्वतः कष्ट करून शिकत. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. कमवा आणि शिका, ही त्यांची शिकवण गरीब मुलाचे श्रम हीच त्याची फी मानणारी होती. मुलाच्या हाताला घट्टे आहेत, ही त्यांच्याकडे लाजेची गोष्ट नव्हती.

आपल्या भोवतालचे जग फार वेगाने बदलले आहे. 1989 साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवशी रेल्वे उरणपर्यंत आली. मुंबईला जाण्यासाठी लाँचची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे स्वप्नवत वाटते. पण रस्ता जसा येथून तेथे जातो, तसा तेथून येथेही येतो. नोकरीसाठी आता आपल्या मुलाशेजारी साऱ्या देशाची मुले रांगेत उभी राहतील. तेथे 11 गुण वाढवून देणारा गुरुजी असणार नाही, आणि असूही नये. खोट्या गुणांची होडी धक्क्यावर फार सुंदर दिसते. भर समुद्रात मात्र तळाची फळी चांगलीच असावी लागते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी तीन विनंत्या नम्रपणे मांडतो.

पहिली, पुढील वर्षापासून दोन पारितोषिके नवी ठेवावीत. एक, वर्षभर शाळेत अधिकांत अधिक हजर राहिलेल्या मुलाला अथवा मुलीला. आणि दुसरे, नापास होऊनही पुन्हा परीक्षेस बसून उत्तीर्ण झालेल्याला. हे दुसरे पारितोषिक याच व्यासपीठावर, याच टाळ्यांत द्यावे. कोपऱ्यात बोलावून नव्हे.

दुसरी, ज्ञातीचे हे सभागृह लग्नकार्याचे दिवस सोडले तर संध्याकाळी बंद असते. तेथे एक अभ्यासिका उघडावी. दिवा, पंखा, चार बाके आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. आणि तेथे केवळ आपल्या ज्ञातीचीच नव्हे, तर शेजारच्या कोणत्याही घरचे मूल येऊन बसले, तर त्याला उठवू नये. भाऊरावांचे नाव घ्यावयाचे आणि दाराशी जात विचारावयाची, हे शोभणारे नाही.

तिसरी विनंती पालकांना आहे. नारळी पौर्णिमेनंतर मुलाला होडीवर आणि मुलीला धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवू नका. संसाराची ओढाताण मी जाणतो, आणि तुमच्या कष्टांपुढे माझी मान लवते. परंतु जो दिवस मुलाच्या शाळेतून जातो, तो परत येत नाही. भरती मात्र उद्याही येते. आणि शिक्षकाकडे जाल तेव्हा, मुलाला पास करा असे सांगू नका. त्या तांडेलाने मला जे सांगितले, तेच सांगा.

अभ्यासिका निघाली, तर आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मी तेथे येऊन बसेन. गणित शिकवीन, आणि पाऊणकीपासून आरंभ करीन. माझ्या वयाचा भरवसा फार नाही, पण एका मुलाचे 11 गुण मी देणे लागतो, ते या जन्मी फेडावे अशी इच्छा आहे.

बालमित्रांनो, शेवटी तुम्हांला एवढेच सांगतो. घरी गेल्यावर एक लहान वही करा. रोज काय वाचले ते लिहा, आणि काही वाचले नसेल तर तेही लिहा. ती कोणाला दाखविली नाही तरी चालेल. त्या तांडेलाची मुलगी येथे खाली बसलेली मुले शिकविते. आज मी येथे येताना तिने मला तिची शाळेतली वही दाखविली. कव्हर फाटले आहे, पण खाडाखोड नाही.

ईश्वर तुम्हां सर्वांना उदंड यश देवो, आणि ते यश तुमचे स्वतःचे असो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.